ऱ्हाईनच्या काठाने सायकलवर

स्वित्झर्लंडला जाणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांचा क्रम ठरलेला असतो : झुरिक, ल्युसर्न, युंगफ्राऊ आणि बसच्या काचेतून दिसणारी हिरवी कुरणे. एखाद्या घरातील मुले हाच देश सायकलवरून पाहू म्हणाली, की वडीलधारी मंडळी दोनच प्रश्न विचारतात. चढ झेपेल काय? आणि जेवायचे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोहोंची उत्तरे तिकिटे काढण्यापूर्वीच शोधावी लागतात.

त्या देशात नऊ राष्ट्रीय सायकलमार्ग आखलेले आहेत. तांबड्या पाटीवर मार्गाचा क्रमांक असतो आणि बहुतेक वळणांवर ती पाटी भेटते. पहिल्या प्रवासासाठी क्रमांक २ चा ऱ्हाईन मार्ग सर्वांत शहाणपणाचा. आंडरमाट ते बाझेल, सुमारे ४३० किलोमीटर. दररोज पन्नासच्या आसपास धरले तर नऊ दिवस, आणि विश्रांतीचे दोन दिवस वेगळे. क्रमांक ४ चा आल्प्समधून जाणारा मार्ग छायाचित्रांत अधिक मोहक दिसतो. पण तो दररोज चढवतो आणि उतरवतो. ज्यांची सायकल रविवारच्या सकाळपुरती बाहेर पडते, त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

ऱ्हाईन मार्गाचा खरा चढ आरंभीच आहे. आंडरमाट साधारण १,४३७ मीटरवर, तर ओबेराल्प खिंड २,०४४ मीटरवर. अकरा किलोमीटरांत सहाशे मीटर. हा आकडा कागदावर समजत नाही. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला सायकलवर गेलेल्यास मात्र तो चटकन समजतो, कारण अंतर आणि उंची जवळजवळ तीच आहे. म्हणून कुटुंबातील प्रत्येकाने निघण्यापूर्वी पसरणी घाट दोन-तीन वेळा चढून पाहावा, आणि तोही पिशव्यांत आठ-दहा किलो भरून. जो थोरल्या मुलाच्या दमावर बेत आखतो, तो तिसऱ्या दिवशी पत्नीच्या गुडघ्यापाशी येऊन थांबतो. मुक्कामांची अंतरे घरातील सर्वांत हळू चालवणाऱ्याच्या मापाने ठरवावीत. बरोबर साठीचे कोणी असेल, तर आंडरमाटहून निघणारी छोटी आगगाडी सायकलींसह थेट खिंडीवर पोहोचवते. त्यात कमीपणा काहीच नाही. खिंडीवर समुद्रापासून शेकडो कोस दूर एक तांबडा दीपस्तंभ उभा आहे. ऱ्हाईन जेथे समुद्रास मिळते तेथील दीपस्तंभाची ती प्रतिकृती. नदीच्या उगमापाशी तिच्या शेवटाची आठवण.

पुढे उतारच उतार, असे नकाशा सांगतो. तो पुरता खरा नाही. इलांत्सनंतर ऱ्हाईन खोल घळईत शिरते, आणि रस्ता तिची साथ सोडून व्हर्सामच्या दिशेने दोनशे मीटर पुन्हा चढतो. तेथील दृश्य या प्रवासातील सर्वोत्तम म्हणावे असे आहे. पांढऱ्या कड्यांच्या तळाशी हिरवट पाणी. पण रस्ता अरुंद आहे आणि वाहने उजव्या बाजूने चालतात, याचा सराव तोवर झालेला असावा. दमलेल्यांसाठी घळईच्या तळातून आगगाडी जातेच. कूरपासून मात्र सपाटी लागते. तेथे त्रास वाऱ्याचा : स्वच्छ हवेच्या दिवशी दुपारी तो दरीतून वर, म्हणजे समोरून वाहतो. सकाळी सातला निघणाऱ्याचे अंतर दुपारपूर्वी संपते.

मोसम जून ते सप्टेंबर. खिंडीवर उन्हाळ्यातही गारठा आणि वादळी पाऊस असतो. व्यापारी माणसाची अडचण येथे होते. मुक्कामाचे पैसे आगाऊ भरलेले असले, की ते बुडू नयेत म्हणून तो काळ्या ढगांतही कुटुंबाला बाहेर काढतो. एका रात्रीचे फ्रँक गेले तर गेले. विजा कडाडत असताना खिंड ओलांडू नये. निदान पहिले तीन मुक्काम रद्द करता येतील असेच घ्यावेत, जरी ते थोडे महाग पडले तरी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा लागतोच. त्यात सायकलप्रवास आणि डोंगरातून सुटका यांचा समावेश आहे की नाही, हे विमापत्रातील बारीक अक्षरांत वाचून घ्यावे.

आता जेवण. बटाट्याचा र्‍योस्ती हा तेथील घरोघरचा पदार्थ कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांच्या कामाचा नाही. ग्रुयेर चीजसाठी वासराच्या जठरातील विरजण वापरतात, हे अनेक शाकाहारी प्रवाशांना परत आल्यावर कळते. म्हणून उपाहारगृहापेक्षा स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर बरे. पाव, फळे, टोमॅटो, डाळी, तांदूळ कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात. खाखरे आणि भाजके पोहे घरून न्यावेत. पेढे-बर्फी नेऊ नये, कारण भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास तेथे मनाई आहे. झुरिकमध्ये १८९८ पासून चालू असलेले हिल्टल हे शाकाहारी उपाहारगृह आहे. तेथेही कांदा-लसणाविषयी विचारून घ्यावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना जूनमध्ये चिंता नाही, सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो. सप्टेंबरअखेरीस मात्र तो सातनंतर लगेच जातो, तेव्हा दिवसाचे अंतर कमी ठेवावे.

रविवारी दुकाने बंद असतात. आपल्या बाजारपेठेत वाढलेल्यास हे खरेच वाटत नाही, आणि शनिवारी संध्याकाळी शिधा न घेतलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी मोठ्या स्थानकावरील दुकान शोधत फिरते. सायकली येथून नेण्याची गरज नाही. तेथे भाड्याने मिळतात, आणि अनेक ठिकाणी एका स्थानकावर घेऊन दुसऱ्यावर परत करता येतात. बॅटरीवर चालणारी हवी असल्यास ताशी २५ किलोमीटर मर्यादेची घ्यावी. ४५ च्या वेगाचीला क्रमांकपट्टी लागते. लांब पल्ल्याच्या आंतरशहरी गाड्यांत उन्हाळ्यात सायकलीसाठी वेगळे आरक्षण सक्तीचे असते. चार जणांच्या चार सायकली एकाच गाडीत हव्या असतील, तर ते आरक्षण मुक्कामांच्याही आधी करावे.