औषध फसलं, प्रश्न सोडला नाही

दक्षिण आफ्रिकेच्या साथरोगतज्ज्ञ क्वारैशा अब्दुल करीम यांचं नाव जगभर झालं ते एका जेलमुळे. ते जेल आज कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. एचआयव्हीची लागण रोखण्यासाठी बाईने स्वतःच्या हाताने वापरायचं हे औषध २०१० मध्ये कसोटीला उतरलं, टाळ्या पडल्या, मथळे झाले. पाच वर्षांनी त्याहून मोठ्या चाचणीत ते सपशेल पडलं. तरीही २०२४ मध्ये वैद्यक क्षेत्रातला अत्यंत मानाचा लास्कर पुरस्कार क्वारैशा आणि त्यांचे पती सलीम यांना मिळाला. ज्यांचं सर्वांत गाजलेलं औषध टिकलं नाही त्यांना एवढा मान का, हे समजून घेताना संशोधनातल्या चिकाटीबद्दलच्या आपल्या काही लाडक्या समजुतींना हात घालावा लागतो.

स्त्री-शास्त्रज्ञाची बातमी आली की तिचा साचा ठरलेला असतो. लहान गाव, विरोध, अपमान, जिद्द आणि शेवटी पदक. क्वारैशा यांच्या आयुष्यात या साच्याला लागेल तेवढा ऐवज आहे. जन्म १९६० चा, डर्बनच्या उत्तरेला उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या टोंगाट गावातला. कुटुंब भारतीय वंशाचं, राजवट वर्णद्वेषाची. कुणी कुठे राहायचं, कुठे शिकायचं हे कातडीच्या रंगावर ठरत होतं. त्या शिकल्या ते डर्बन-वेस्टव्हिल विद्यापीठही भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं काढलेलं. पण ही गोष्ट एवढ्यावर थांबवली तर मुख्य भाग निसटतो. अडथळे पार केल्यावर त्यांनी काय केलं? एकच प्रश्न धरला आणि तीस-पस्तीस वर्षं तो सोडला नाही.

तो प्रश्न सापडला १९९० मध्ये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून साथरोगशास्त्र शिकून त्या नुकत्याच परतल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत एड्स तेव्हा तुरळक होता आणि तो समलैंगिक पुरुषांचा आजार मानला जात होता. क्वाझुलू-नाताळच्या ग्रामीण भागातल्या रक्ततपासण्यांनी वेगळंच दाखवलं. लागण जेमतेम शंभरात एकाला. पण बायकांमधलं प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट. त्याहून चक्रावणारी गोष्ट वयाची होती. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींना लागण होत होती, त्यांच्या वर्गातल्या मुलांना जवळजवळ नाही.

मग मुलींना हा विषाणू मिळत होता कुणाकडून? आणि त्यांनी तो टाळायचा कसा? संयम पाळा, एकनिष्ठ राहा, कंडोम वापरा, हा सरकारी सल्ला होता. क्वारैशा बायकांशी बोलायला लागल्या तेव्हा या सल्ल्यातलं भोक उघडं पडलं. बाई एकनिष्ठ राहील, नवऱ्याचं काय? कंडोम वापरायचा की नाही हे तो ठरवणार, आणि तिने आग्रह धरला तर संशय तिच्यावरच येणार. बाईला जोडीदाराची परवानगी न घेता वापरता येईल असं एकही साधन जगात नव्हतं. ते शोधायचं, एवढं त्यांनी पक्कं केलं.

महाराष्ट्राला ही परिस्थिती नवी नाही. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वेश्याव्यवसायाशी काडीचा संबंध नसलेल्या बायकांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. यातल्या बहुतेकींचा ‘धोकादायक’ संबंध म्हणजे त्यांचं लग्न. पुढे टेनोफोविर नावाच्या औषधाचं जे जेल क्वारैशा यांनी निवडलं, त्याच्या सुरुवातीच्या सुरक्षितता-चाचण्यांपैकी एक पुण्यातच, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत झाली होती. डर्बन आणि भोसरी एकाच कोड्याच्या दोन टोकांना बसलेली होती.

साधन शोधण्याचा रस्ता मात्र अपयशांनी भरलेला होता. नोनॉक्सिनॉल-९ या शुक्राणुनाशकावर मोठी भिस्त होती. ते वापरणाऱ्या बायकांना उलट जास्त लागण होते, हे २००० च्या डर्बन एड्स परिषदेत जाहीर झालं. सेल्युलोज सल्फेटची चाचणी २००७ मध्ये मध्येच थांबवावी लागली. कॅरागार्ड निष्प्रभ ठरलं आणि नऊ हजारांहून अधिक बायकांवर तपासलेलं प्रो-२००० सुद्धा. या सगळ्यात क्वारैशा एकट्या नव्हत्या. युगांडात जन्मलेल्या, इदी अमीनच्या राजवटीत देश सोडावा लागलेल्या आणि पुढे डर्बनमध्ये स्थिरावलेल्या गीता रामजी यांनी अशा चाचण्यांमागून चाचण्या चालवल्या आणि पडलेले निकाल न लपवता मांडले. कोविडने मार्च २०२० मध्ये त्यांचा बळी घेतला.

त्यातच सरकार उलट्या दिशेला निघालं. मंडेलांच्या काळात, १९९५ मध्ये क्वारैशा यांनी देशाच्या एड्स कार्यक्रमाच्या पहिल्या प्रमुख म्हणून काम पाहिलं होतं. पुढे अध्यक्ष झालेल्या थाबो म्बेकी यांना मात्र एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, याचीच शंका होती. आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबाची शिफारस करत होत्या. बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदर मातांना नेविरापिन हे औषध मिळावं, यासाठी २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयापर्यंत भांडावं लागलं. उपचारांना झालेल्या या विलंबाने तीन लाखांवर माणसं दगावली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर मांडला. त्याच २००२ साली क्वारैशा आणि सलीम यांनी डर्बनच्या मेडिकल कॉलेजात ‘कॅप्रिसा’ ही संशोधन संस्था उभी केली. सरकारशी वाद घालायला पुरावा लागतो आणि पुरावा तयार करायला प्रयोगशाळा, परिचारिका, वाहनं, शीतपेट्या लागतात. हे सगळं कॅप्रिसाने जमवलं.

जेलची चाचणी सुरू झाली २००७ मध्ये, दोन दवाखान्यांत. एक डर्बन शहरात, दुसरा डोंगराळ वुलिंडलेलात. १८ ते ४० वयाच्या ८८९ बायका सामील झाल्या. निम्म्यांना औषधाचं जेल, निम्म्यांना बिनऔषधाचं. कुणाला कुठलं हे ना त्यांना ठाऊक, ना डॉक्टरांना. दर महिन्याला दवाखान्यात यायचं, रक्त द्यायचं, गर्भचाचणी करायची, समुपदेशकाशी बोलायचं, कंडोम न्यायचे. येताना पिशवीतून प्लॅस्टिकच्या नळ्या परत आणायच्या, वापरलेल्या आणि न वापरलेल्याही. परिचारिका टेबलावर त्या मोजायची. संबंधाआधी बारा तासांत एक आणि नंतर बारा तासांत एक, असा नियम होता. नळ्यांच्या हिशोबावरून कुणी तो पाळला, कुणी नाही, हे कळत होतं. अडीच वर्षं हे मोजणं चाललं.

निकाल आला तेव्हा बिनऔषधाच्या गटात ६० लागणी होत्या, औषधाच्या गटात ३८. म्हणजे ३९ टक्के घट. नियम नीट पाळणाऱ्या बायकांमध्ये ५४ टक्के. जुलै २०१० मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत हे आकडे पडद्यावर आले आणि सभागृह उठून उभं राहिलं. बाईच्या हातातल्या साधनाने लागण रोखता येते याचा तो पहिला पुरावा होता.

आणि मग फटका बसला. आफ्रिकेतल्या तीन देशांत चाललेल्या ‘व्हॉइस’ चाचणीतला जेलचा भाग २०११ मध्ये उपयोग दिसेना म्हणून थांबवण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतच दोन हजारांवर तरुणींवर झालेल्या ‘फॅक्ट्स’ चाचणीचा निकाल २०१५ मध्ये लागला, तेव्हा दोन्ही गटांत लागणीचं प्रमाण सारखंच निघालं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. या मुलींपैकी बऱ्याचजणी अविवाहित होत्या, आईवडील-भावंडांबरोबर एकाच घरात राहत होत्या. जोडीदार कधी भेटेल ते सांगता येत नव्हतं. जेलची नळी ठेवायची कुठे आणि वापरायची केव्हा? कागदावर बाईच्या हातात असलेलं साधन प्रत्यक्षात तिच्या हातात पुरतं आलंच नव्हतं.

चिकाटीची खरी परीक्षा इथे होती. नाव, सन्मान, संस्था सगळं ज्या जेलमुळे, त्याचाच बचाव करत बसणं सोपं होतं. क्वारैशा आणि सहकाऱ्यांनी तसं केलं नाही; जेल का पडलं हाच अभ्यासाचा विषय केला. फ्रीजरमध्ये जपलेले जुन्या चाचणीतले नमुने पुन्हा बाहेर आले. ज्या बायकांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं प्राबल्य होतं त्यांना जेलने ६१ टक्के संरक्षण दिलं होतं, इतरांना अवघं १८ टक्के, असा शोधनिबंध २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. गार्डनेरेलासारखे जिवाणू औषधच फस्त करत होते. एकेका बाईच्या शरीरात औषधाचं काय होतं, हे त्यातून पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

त्याच सुमारास १९९० चं कोडंही सुटलं. विषाणूंच्या जनुकांचे अभ्यासक टुलिओ द ऑलिव्हेरा यांच्या साथीने या गटाने विषाणूंचे जनुकीय माग काढले. पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण मिळत होती ती सरासरी आठ-नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून. त्या पुरुषांना ती मिळाली होती त्यांच्या वयाच्या बायकांकडून. आजच्या मुली उद्या त्या वयात पोचल्या की चक्र पुन्हा फिरणार. मुलींना उपदेश करून हे चक्र थांबणार नाही, तिशीतल्या पुरुषांना चाचणी आणि उपचारांपर्यंत आणावं लागेल, हे आता ठामपणे सांगता आलं.

साधनांचा शोधही पुढे सरकला, दुसऱ्यांच्या हातांनी. आधी डॅपिविरिनची योनीत बसवायची अंगठी आली, मग दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं कॅबोटेग्रॅविरचं इंजेक्शन. जून २०२४ मध्ये गिलियड कंपनीच्या लेनाकॅपाविरची बातमी आली. वर्षातून फक्त दोन इंजेक्शनं. केप टाउनच्या लिंडा-गेल बेकर यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या पाच हजारांवर तरुणींवर चाचणी झाली. लेनाकॅपाविर मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजची गोळी मिळालेल्या गटांत मात्र लागणी होत राहिल्या, कारण गोळी नियमित घेतली जात नव्हती. ज्या कारणाने जेल पडलं, तेच कारण. सहा महिन्यांतून एकदा टोचून घ्यायचं, घरात लपवायचं काही नाही, कुणाला विचारायचं नाही: क्वारैशा यांनी तीस वर्षांपूर्वी मांडलेली अट या इंजेक्शनने पुरी केली. हे औषध त्यांचं नाही. पण काय शोधायचं आहे आणि कुणासाठी, हे ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

इतक्या वेळा पडून पुन्हा उभं राहण्याचं श्रेय एखाद्या बाईच्या पोलादी स्वभावाला देऊन आपण मोकळे होतो. तो स्वभाव लागतोच, पण त्याला पैसा लागतो. जेलच्या चाचणीचा खर्च अमेरिकेच्या ‘यूएसएड’ने आणि दक्षिण आफ्रिकी सरकारने उचलला होता. फसलेल्या चाचणीचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवायला वीज लागते, ते पुन्हा तपासायला पगारी माणसं लागतात. अमेरिकी निधीवर चाललेल्या फोगार्टी कार्यक्रमातून क्वारैशा यांनी दक्षिण आफ्रिका आणि शेजारच्या देशांतले शेकडो संशोधक घडवले. त्या फळीशिवाय पुढचं काही झालं नसतं.

म्हणूनच २०२५ च्या सुरुवातीला जे घडलं ते भयंकर होतं. ट्रम्प सरकारने परदेशी मदत गोठवली, काम ताबडतोब थांबवण्याचे आदेश सुटले. वुलिंडलेलात तेव्हा गर्भधारणा आणि एचआयव्ही दोन्ही रोखणाऱ्या नव्या अंगठीची चाचणी चालू होती. बायकांच्या शरीरात अंगठ्या होत्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला पैसा उरला नव्हता. कॅप्रिसाच्या संशोधकांनी त्यांना फोन करून बोलावलं आणि अंगठ्या काढून घेतल्या. ज्या भागाने वीस वर्षं रक्त दिलं, नळ्या मोजू दिल्या, तिथल्या बायकांना ‘आता या, काढून टाकू’ म्हणण्याची पाळी आली.

अमेरिकी करदात्याने आफ्रिकेतल्या संशोधनाला किती काळ पोसायचं, हा प्रश्न गैर नाही. आफ्रिकी संघाच्या देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करण्याचं ठरवून बरीच वर्षं झाली. दक्षिण आफ्रिकेसारखा तुलनेने श्रीमंत देशही ०.६ टक्क्याच्या आसपास रेंगाळतो. (भारताने हिणवू नये, आपला आकडा ०.६४ आहे.) मदत बंद झाल्यावर दक्षिण आफ्रिकी सरकारने काही निधी पुढे केला, गेट्स फाउंडेशन आणि वेलकम यांनी प्रत्येकी दहा कोटी रँड देऊ केले. पण ही ठिगळं आहेत. संशोधकाची चिकाटी हवी असेल तर दहा-पंधरा वर्षांची, मध्ये निकाल पडला तरी न आटणारी तरतूद देशाच्या अर्थसंकल्पातच हवी.

लेनाकॅपाविरचं स्वस्त रूप बनवण्याचे परवाने ज्या सहा कंपन्यांना मिळाले त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत, पुण्याची एमक्युअर आहे. वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये ते २०२७ पासून देण्याची तयारी हैदराबादच्या दोन्ही कंपन्यांनी दाखवली आहे. औषधाची किंमत आवाक्यात आली. वुलिंडलेलाच्या दवाखान्यात ते टोचणाऱ्या परिचारिकेचा पगार, तिच्यामागची प्रयोगशाळा आणि पुढच्या साधनाच्या चाचण्या यांचा खर्च आता प्रिटोरियाच्या खजिन्यातून निघायला हवा, वॉशिंग्टनच्या निवडणुकांवर डोळे न लावता. क्वारैशा आज जगभरच्या विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांच्या ‘टीवास’ अकादमीच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष आहेत. त्या पदावरून या देशांच्या सरकारांपुढे पहिली मागणी कुठली ठेवायची, हे वेगळं सांगायला नको.