ताप आला तर भाकरी कोण थापणार?



शिरूर तालुक्यातल्या एका भगिनींचं पत्र समोर आहे. सुनेला पाचवा महिना लागलाय. नर्सबाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दोनदा निरोप धाडला, पण घरात दोन तट पडलेत. कोरोनाच्या लशीबद्दल मोबाईलवर जे जे पाहिलं, ऐकलं, त्यानं मुलाच्या मनात अशी काही अढी बसलीय, की आता कुठलीच सुई नको म्हणतो. सून बिचारी गप्प. आणि शेवटी या बाई मला विचारतात, की तुमच्या घरात त्या वेळी कोणी लस घेतली, कोणी नाही, कसं ठरवलंत, ते खरं खरं लिहा. नुसता उपदेश नको.

बरं बाई, उपदेश नको तर नको! पण धनुर्वाताचं आधी उरकून घेते, कारण ते काम थांबणारं नाही. पूर्वी टीटी म्हणत, आता टीडी देतात. म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही. दिवस गेल्याचं कळलं की शक्य तितक्या लवकर पहिली, आणि चार आठवड्यांनी दुसरी. आधीच्या बाळंतपणात दोन्ही घेतल्या असतील आणि त्याला तीन वर्षं झाली नसतील, तर एकच पुरते. आईच्या अंगात तयार झालेली शक्ती नाळेतून बाळाला मिळते. आपल्या आज्यांच्या काळी जन्मल्यावर आठवड्याभरात बाळ धनुर्वातानं जाणं ही घरोघरची गोष्ट होती. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचं जाहीर केलं, ते याच सुईच्या आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांच्या जोरावर. तेव्हा सूनबाईंना या आठवड्यातच घेऊन जा. मुलालाही सोबत न्या, म्हणजे शंका तिथंच विचारता येतील.

आता कोरोनाचं.

आमचं घर दौंडला आणि माहेर शिरूरकडचं (जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात). पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की हडपसरनंतर मांजरी लागतं. कोविशील्ड तयार झाली ती तिथल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथून थंड ट्रक निघाले आणि लस देशभर गेली. आमच्या गाडीच्या वाटेवरची वस्तू, पण आम्हांला मिळायची ती सरकारी नियमानं, वयाच्या रांगेनं. १६ जानेवारीला आधी दवाखान्यातली माणसं, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि पंचेचाळिशीच्या पुढचे दुखणेकरी, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे, आणि १ मेपासून अठराच्या पुढचे.

घरात पहिल्या गेल्या त्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. मला वाटलं होतं, यांची समजूत घालताना नाकीनऊ येणार. तर पदर खोचून त्याच आधी तयार! दंडावरचे देवीचे दोन वण दाखवून म्हणाल्या, “हे टोचलं तेव्हा मला कुठं कोणी विचारलं होतं? पण माझ्या बरोबरीच्या दोघी तोंडभर व्रण घेऊन जन्मभर वावरल्या, मी नाही.” त्यांच्या लहानपणी गावात देवी डॉक्टर आला की आया पोरांना ज्वारीच्या उभ्या पिकात दडवायच्या. तरी देवी गेल्याच. देशातले शेवटचे रोगी १९७५ सालचे. (मुंबईत १४ जून १८०२ ला देवीची लस टोचली ती ॲना डस्टहॉल नावाच्या मुलीला, हिंदुस्थानात ती पहिली. वय वर्षं तीन. तीन वर्षांच्या पोरीला तरी कोण विचारतंय म्हणा!)

सासूबाईंनंतर मामंजी, मग यांचा मधुमेह म्हणून हे. मग एप्रिल उजाडला आणि माझी न् जाऊबाईंची पाळी आली. आणि इथंच गाडी अडली बघा. भीती लशीची नव्हती. यांना दोन दिवस ताप आला होता, अंग मोडून आलं होतं, दोन्ही दिवस हातात कप देत होते मी. आम्हां दोघींना ताप आला तर भाकरी कोण थापणार? हा प्रश्न घरात कोणी मोठ्यानं विचारला नाही, पण “बघू पुढच्या आठवड्यात” असं सगळेच म्हणत होते. सर्वांत जास्त आम्हीच दोघी! पुढं त्या वर्षाच्या मध्यात सरकारी आकडे आले, तेव्हा देशभर बायका पुरुषांच्या मागं असल्याचं दिसलं. त्याची कारणं पुष्कळ सांगितली गेली. मोबाईल नवऱ्याच्या हातात, नोंदणी त्यावर, केंद्र लांब, अफवा. सगळी खरीच. पण चुलीचं कारण मात्र कुठं वाचायला मिळालं नाही.

शेवटी आम्ही दोघींनी आपसांत ठरवलं, की एकदम जायचं नाही. सोमवारी मी गेले, ती त्याच्या पुढच्या सोमवारी. माझा दंड दुखला, रात्री थंडी वाजून ताप आला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला. तिला काहीच झालं नाही, नुसती हात धरून बसली. तिला त्याचंच वाईट वाटत होतं, की आपल्याला लागूच पडली नाही! तसं नसतं हो. ताप येणं हे शरीर ओळख करून घेतंय त्याचं लक्षण खरं, पण ताप नाही आला म्हणून ओळख झाली नाही असं मुळीच नाही.

आमच्या आळीतल्या एका वहिनींची गोष्ट मात्र लिहिताना हात जड होतो. पन्नाशीच्या आतबाहेर, धडधाकट बाई. दिराची, सासऱ्यांची, नवऱ्याची लस त्यांनीच धावपळ करून उरकली. स्वतःचं मात्र पाडवा झाल्यावर बघू म्हणाल्या. घरात सणाचं होतं, पाहुणे यायचे होते. पाडवा १३ एप्रिलला होता. तो झाल्यावर गेल्या, तर लस संपलेली. तुम्हांला आठवत असेल, त्या दिवसांत किती केंद्रांवर साठाच नव्हता. तीन दिवस हेलपाटे घातले, उन्हात रांगेत उभ्या राहिल्या. एप्रिलच्या अखेरीस घरात दुखणं शिरलं. घरातले बाकीचे ताप-खोकल्यावर निभावले. वहिनींना प्राणवायू लागला, खाट मिळता मिळता दोन दिवस गेले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या.

लस वेळेवर घेतली असती तर वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. एका डोसनं पुरतं रक्षण होतं असंही नाही, आणि जो काही उपयोग व्हायचा त्यालाही दोन-तीन आठवडे लागतात. पण त्यांच्या लेकीनं दहाव्याला जे विचारलं ते माझ्या कानांतून जात नाही. ती म्हणाली, “काकू, आमच्या घरात सगळ्यांच्या लशीच्या तारखा आईला पाठ होत्या. आईची तारीख कोणाला माहीत होती?”

दुसरी गोष्ट माझ्या भाचीची. ती दिली आहे न्हावऱ्याच्या बाजूला. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिला पाचवा महिना होता. तेव्हा गरोदर बायकांना लस द्यायचीच नाही असा नियम. त्यांच्यावर चाचण्या झालेल्या नव्हत्या, म्हणून. १९ मेला अंगावर पाजणाऱ्या आयांना मोकळीक मिळाली, गरोदर बायकांना २ जुलैला. तोवर दुसरी लाट सरत आलेली आणि पोरीला आठवा लागलेला. आता घ्यायची की नाही? नवरा रांजणगावला कंपनीत, रोज शंभर माणसांत जाणार-येणार. सासूबाई म्हणाल्या, “बाळाला काही झालं तर जबाबदार कोण?” सासरे म्हणाले तेच, शेजारणी म्हणाल्या तेच. घरी येणाऱ्या आशाताई मात्र शांतपणे म्हणाल्या, “आणि आईला काही झालं तर?” भाची सांगते, चार महिन्यांत हा प्रश्न तिच्या घरात पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

आशाताईंचं म्हणणं साधं होतं. शेवटच्या महिन्यांत कोरोना झाला तर तो इतर बायकांपेक्षा जड जातो, दिवस भरायच्या आत बाळंत होण्याची भीती असते. हा धोका एका ताटात, लशीचा दुसऱ्या ताटात, दोन्ही बघा आणि ठरवा, डॉक्टरांनाही विचारा. डॉक्टरांनीही घ्या म्हणून सांगितलं. तरी घरात दोन दिवस अबोला होता. मग पोरगी स्वतःच उठली, म्हणाली, “मी चालले, कोणी येतंय का बरोबर?” तिच्या सासूबाईच गेल्या! टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तेवढा वेळ सुनेचा हात धरून बसल्या होत्या म्हणे. बाळ ऑगस्टअखेर झालं. मुलगा आहे, आता अक्षरं गिरवतो.

अफवांचं किती सांगू? एप्रिल २०२१ च्या शेवटी एक निरोप सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, की पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये. सरकारनं लगेच ते खोटं असल्याचं सांगितलं, आणि खोटंच होतं. पण हिशेब करा, महिन्यातले किती दिवस उरले? त्यात केंद्रावर लस असण्याचा दिवस कुठला! कित्येक जणींची तारीख त्यातच हुकली. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. पुष्कळ मैत्रिणी म्हणत होत्या, की लशीनंतर पाळी पुढं गेली, आणि त्यांना सरळ “मनाचे खेळ” म्हणून गप्प बसवलं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, की चक्र थोडं लांबतं. सरासरीनं एका दिवसाहूनही कमी, आणि तेही तात्पुरतं. म्हणजे बायका खोटं बोलत नव्हत्या आणि घाबरण्यासारखंही काही नव्हतं. हे तेव्हाच नीट ऐकून घेऊन सांगितलं असतं, तर निम्म्या अफवा जागच्या जागी विरल्या असत्या.

पत्रातल्या मुलाची अढी बहुधा २०२४ च्या बातमीची असावी. कोविशील्ड ज्या मूळ लशीवरून बनली, त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनं इंग्लंडच्या कोर्टात लिहून दिलं, की क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. आमच्याकडे त्या दिवशी पाच फोन आले. खरी गोष्ट अशी, की हे काही त्या दिवशी उघडकीला आलं नव्हतं. २०२१ च्या वसंतातच डॉक्टरांना ठाऊक झालं होतं, वर्तमानपत्रांत छापूनही आलं होतं. हा त्रास फार विरळा, आणि होणाराच असेल तर लशीनंतरच्या थोड्या आठवड्यांत होतो, बहुतेक पहिल्या डोसनंतर. तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेल्यांनी आज त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. विरळा म्हणून ज्याच्या घरी झालं त्याचं दुःख कमी होत नाही, हे मी जाणते. पण त्या लशीचा आणि सुनेच्या टीडीचा काडीचाही संबंध नाही. एक दूध नासलं म्हणून कोणी ताक प्यायचं सोडत नाही.

ज्यांनी त्या वेळी घेतली नाही त्यांना मी नावं ठेवत नाही. आमच्याच नात्यातल्या एक मावशी शेवटपर्यंत नाही म्हणाल्या. गुऱ्हाळावर राबणारी बाई. दोन दिवस खाडा पडला तर मजुरी कोण देणार, हा त्यांचा सवाल होता, आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. पुढं घरोघर लस देणारी माणसं आली, आणि मालकानं खाडा धरणार नाही असं कबूल केलं, तेव्हा त्यांनी पहिल्या हाकेला घेतली.

आता माझ्या खात्यातलं थोडं. घरातल्या बाईला कुठलीही लस घ्यायची असेल, तर पुढचा दिवस मोकळा ठेवा. दोघी असाल तर आठवड्याचं अंतर ठेवा. आदल्या दिवशी मेतकूट, लसणीची चटणी, निवडलेली डाळ-तांदूळ हाताशी काढून ठेवा, आणि कुकरच्या किती शिट्ट्या हे घरातल्या पुरुषमाणसाला तोंडपाठ करून घ्या. (आमच्या ह्यांनी केलेलं पिठलं घट्ट झालं होतं, सुरीनं कापून खाल्लं, पण खाल्लं.) उपाशीपोटी जाऊ नका. त्या आठवड्यात उपास असला तरी कोणी देव रागावणार नाही. दंड दुखला तर थंड पाण्याची घडी ठेवा. तापाची गोळी आधीच घेऊन जाऊ नका, ताप आला तरच, आणि गरोदर असाल तर डॉक्टरांनी सांगितलेलीच.

आणि कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या खुणा करता ना, तिथंच घरातल्या लशींच्या तारखा लिहा. कोविशील्डच्या दुसऱ्या डोसची माझी तारीख मेमध्ये होती. १३ मेला अंतर वाढवून बारा ते सोळा आठवडे केलं, तेव्हा सासूबाईंनी स्वतः जुनी तारीख खोडून जूनच्या अखेरीस नवी लिहिली होती, माझं नाव घालून. पत्र पाठवणाऱ्या ताईंनी सुनेच्या दुसऱ्या टीडीची तारीख तशीच लिहावी आणि कॅलेंडर मुलाला रोज दिसेल अशा ठिकाणी टांगावं.