मुलांच्या हातचा नाताळ

डिसेंबरचा अंक तयार करताना वसई आणि गोव्यातली ख्रिस्ती घरे डोळ्यांपुढे होती. तिथला नाताळ २५ तारखेच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि बरेचदा मुलांच्याच हातून. पसरट ताटलीत माती घालून गहू किंवा नाचणी पेरायची, रोज पाणी शिंपडायचे आणि उगवलेली हिरवळ येशूजन्माच्या गोठ्यात मांडायची. (घटस्थापना पाहिलेल्या मुलांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.) इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली येशूजन्माच्या गोठ्याचा असा देखावा उभा केला होता. अनेक घरांत मध्यरात्रीची मिस्सा होईपर्यंत गव्हाणी रिकामीच ठेवतात. बाळ येशूची वाट पाहणे हाही मुलांच्या सणाचा भाग असतो.

मग कुलकुल हा गोड खाऊ. नारळाच्या दुधात भिजवलेल्या मैद्याची इवलीशी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबायची आणि अलगद गुंडाळायची. आजी, आत्या, शेजारणी सगळ्या गोल करून बसतात. चार वर्षांच्या पोराचा कुलकुल वेडावाकडा होतो, पण तोही तळणीत पडतो. पडायलाच हवा! विकतच्या खोक्यांतून आलेला सण मुले नुसती पाहतात. हा सण त्यांचा स्वतःचा असतो.

शेजारी फराळाचे ताट पाठवाल, तेव्हा ते मुलांच्याच हाती द्या. आणि तुमच्या घरच्या चालीरीती आम्हाला जरूर लिहून कळवा.