जुनी स्पोर्ट्स कार : घ्यावी की नाही, यापेक्षा केव्हा घ्यावी?

व्यापारात चार पैसे मिळू लागले की घरातील तरुण मुलाचे लक्ष मोटारीकडे जाते. पूर्वी जीप किंवा मारुती आली की समाधान होत असे. आता दोन दरवाजांची, जमिनीला टेकलेली, गर्जना करीत जाणारी स्पोर्ट्स कार हवी असते. नवी परवडत नाही म्हणून सेकंड हँड पाहिली जाते आणि मग घरात वाद सुरू होतो. वडील म्हणतात, "रोज भाव उतरणाऱ्या वस्तूत पैसा घालणे म्हणजे मूर्खपणा." मुलगा म्हणतो, "भाव उतरला आहे म्हणूनच तर घ्यायची." दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर आहे. भाव किती उतरला याला फारसे महत्त्व नाही. तो यापुढे किती उतरणार आणि घालायचा पैसा खरोखर मोकळा आहे काय, या दोन प्रश्नांवर निर्णय व्हावा, असे आमचे मत आहे.

घसाऱ्याचा हिशेब

विमा कंपन्या गाडीची किंमत ठरविताना जो तक्ता वापरतात तो प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा पाहावा. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीनला ३० टक्के, तीन ते चारला ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. पाच वर्षांनंतर मालक आणि कंपनी आपसात किंमत ठरवितात. म्हणजे ६० लाखांची गाडी पाचव्या वर्षी कागदावर ३० लाखांची होते. पहिल्या मालकाने वर्षाला सरासरी ६ लाख रुपये केवळ घसाऱ्यात दिले. तीच गाडी पुढील तीन वर्षांत ३० वरून २२ लाखांवर आली असे धरले, तर दुसऱ्या मालकाचा घसारा वर्षाला पावणेतीन लाखांच्या आत राहतो. गाडी तीच, इंजिन तेच. पण मोठा फटका पहिल्याने सोसलेला असतो. म्हणून दोन वर्षांची "नव्यासारखी" गाडी घेण्यात शहाणपण नाही. पाच ते सात वर्षांची, नीट सांभाळलेली गाडी हाच मध्यम मार्ग होय.

बाजारभाव मात्र केवळ वयाने ठरत नाही. फोक्सवॅगनने २०१६ साली पोलो जीटीआय ही लहान पण वेगवान गाडी भारतात आणली. किंमत सुमारे २६ लाख होती. पुढच्याच वर्षी कंपनीने ती सुमारे ६ लाखांनी उतरविली. ज्यांनी घाईने घेतली त्यांच्या गाडीचा भाव एका घोषणेने पडला. फोर्डने मस्टँग २०१६ मध्येच सुमारे ६५ लाखांना आणली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. अशा वेळी सुट्या भागांची आणि सर्व्हिसची चिंता वाढते. स्वस्त मिळालेली गाडी एका गिअरबॉक्समध्ये महाग पडते.

सरकारी निर्णयही लक्षात घ्यावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील जीएसटी उपकर काढून ४० टक्के झाला; त्याआधी कर व उपकर मिळून तो ५० टक्क्यांपर्यंत जात असे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तिकडील मोटारींवरील आयात शुल्क ठराविक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याचे ठरले. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली येतोच. तेव्हा विकणारा जुन्या किंमतीचा हवाला देत असेल तर तो मान्य करू नये. आजच्या नव्या गाडीच्या किंमतीवरून बोलणी करावी.

न दिसणारा घसारा

गाडीचा भाव उतरतो ते सर्वांना दिसते. धंद्यातून काढलेले भांडवल जे कमावणार होते ते बुडाले, हे कोणाला दिसत नाही. समजा, सुताच्या व्यापाऱ्याचे ३० लाख वर्षातून तीनदा फिरतात आणि प्रत्येक फेरीत ४ टक्के सुटतात. हे ३० लाख गाडीत गेले तर वर्षाला ३ लाख ६० हजारांची कमाई थांबली. हा आकडा वरील घसाऱ्यापेक्षाही मोठा आहे! त्यावर विमा, टायर, सर्व्हिस वेगळे. ईदच्या आधी माल भरण्याची वेळ आली की हाच व्यापारी उधारीसाठी दारोदार फिरतो, आणि गाडी घाईने विकायला काढली तर निम्मे पैसेही हाती येत नाहीत. कारागिरांची मजुरी थकते ती अशाच वेळी. शौक मालकाचा आणि उपास मजुराच्या घरी, हे आपल्या दीनला शोभणारे नाही.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. देणी दिली, जकात काढली, कारागिरांची मजुरी चुकती केली, मुलांच्या शिक्षणाची तरतूद झाली, हंगामाचे भांडवल जागेवर राहिले आणि तरीही रक्कम उरली, तर ती मोकळी रक्कम. तीही सगळी गाडीत घालू नये. किंमतीचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवावा. गाडीसाठी व्याजी कर्ज काढणे तर दुहेरी नुकसान आहे. वस्तूची किंमत घटत जाते, व्याज वाढत जाते, आणि रिबाचे पाप डोक्यावर राहते.

जकातीचे दोन मुद्दे

स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु गाडीसाठी जमवीत असलेली रक्कम निसाबाइतकी असेल आणि तिच्यावर चांद्र वर्ष उलटले, तर तिच्यावर जकात आहे, असे आपल्याकडील बहुतेक उलेमा सांगतात. दुसरे असे की, जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांनी विक्रीसाठी ठेवलेल्या गाड्यांची जकात त्या दिवशीच्या बाजारभावाने काढावी. वर्षअखेरीस शौकाची गाडी घेऊन जकात चुकविता येईल, असा विचार कोणी करीत असेल तर त्याने अल्लाहशी हिशेब कोणत्या वहीत मांडणार ते आधी ठरवावे.

हीच गोष्ट आयकराची. धंद्यातील मोटारीला वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, म्हणून मुलाच्या शौकाची गाडी दुकानाच्या नावावर दाखविणे हे खोटे आहे. शिवाय घसारा घेतलेली गाडी जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकली आणि विक्रीची किंमत घसारा वजा जाता उरलेल्या किंमतीपेक्षा जास्त आली, तर त्या फरकावर कर लागतो. डिसेंबर २०२४ च्या जैसलमेर बैठकीनंतर हा दर सर्व जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के झाला आहे.

घेताना काय पाहावे

पावसाळ्यानंतर बाजारात येणाऱ्या गाड्या विशेष जपून पाहाव्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा किती मोटारी बुडाल्या हे मुंबईकर विसरलेले नाहीत. बुटकी गाडी थोड्या पाण्यातही बुडते. गालिचा उचलून खालचा गंज पाहावा, वायरिंग तपासावे. आपल्याच समाजात उत्तम मेकॅनिक आणि डेंटिंग-पेंटिंगचे कारागीर आहेत. त्यांना मजुरी देऊन सोबत न्यावे. लाखोंच्या सौद्यात त्यांचे हजार रुपये वाचवू नयेत. मात्र त्यांनीही विकणाऱ्याकडून गुपचूप दलाली घेऊ नये.

बँकेचा बोजा उतरला आहे काय ते नोंदणी पुस्तकात पाहावे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. आखातातील गाडी आणण्याचा विचार तर करूच नये; जुनी गाडी आयात करायची तर तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते आणि तिकडील गाड्यांचे ते डावीकडे असते.

विकणाऱ्या बंधूंनीही लक्षात ठेवावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल उघड केला होता. मीटर मागे फिरविणे आणि अपघाताचा पत्रा रंगाखाली झाकणे हा तोच ओला माल आहे.

हौस हराम नाही. हलाल कमाईतून, ऐपतीत राहून चांगली वस्तू वापरण्यास दीनची मनाई नाही. मनाई उधळपट्टीला आणि मिरवण्याला आहे. गाडीचा घसारा मंदावला आहे आणि आपला पैसा खरोखर मोकळा आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तर मुलाला खुशाल गाडी घेऊ द्यावी. एकच जुळत असेल तर आणखी एक वर्ष थांबावे. तेवढ्या काळात गाडी स्वस्त झालेली असेल आणि धंद्याचे भांडवलही जागेवर असेल.