सुईणपणाला कमीपणा कसला?

रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात दहा-बारा वर्षे काढलेली एखादी परिचारिका नोकरी सोडते आणि घरोघरी जाऊन बाळंतिणींची सेवा करण्याचे ठरवते, तेव्हा आपल्या धर्मग्रामात तिच्याविषयी काय बोलले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. ‘एवढी शिकली आणि शेवटी सुईण झाली!’ एखाद्या डॉक्टर स्त्रीने तसे केले तर तिच्या बुद्धीविषयीच शंका घेतली जाते. परदेशी नोकरी मिळालेल्या परिचारिकेचे मात्र मिस्सानंतर चर्चच्या अंगणात कौतुक होते. त्या वाक्यातला ‘शेवटी’ हा शब्द मला खटकतो. तो अज्ञानातून आलेला आहे, प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पनेतून आलेला आहे आणि, स्पष्टच लिहायचे तर, विटाळातून आलेला आहे.

बाळंतपण अशुद्ध मानले गेले म्हणूनच अनेक गावांत नाळ कापण्याचे काम ज्यांना खालचे समजले जाई अशा बायांकडे सोपवले गेले. त्यांच्या हातून मूल घ्यायचे आणि त्यांना मात्र दाराबाहेर बसवायचे, ही रीत होती. बाप्तिस्मा घेतला तेव्हाच आम्ही विटाळ सोडला, असे आपण अभिमानाने सांगतो. मग त्या कामाची लाज आपल्या घरात अजून कशी नांदते? पवित्र शास्त्राला ती लाज ठाऊक नाही. निर्गमच्या पुस्तकात इब्री मुलगे मारण्याची आज्ञा देणाऱ्या फारोचे नावदेखील लिहिलेले नाही. ती आज्ञा मोडणाऱ्या दोन सुइणींची नावे मात्र जपून ठेवली आहेत, शिप्रा आणि पुवा.

आता आपल्या परिसराकडे पाहू. आळंदी, मोशी, भोसरी, चाकण ह्या कारखानदारीच्या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या भागांतून आलेली कुटुंबे एकेका खोलीत संसार करतात. माहेर शेकडो मैलांवर असते, सासूही जवळ नसते. ज्या आळंदीत संतालाच ‘माउली’ म्हणून हाक मारतात, तिथे पहिलटकरणीला धीर द्यायला एकही ओळखीचा हात नसतो. प्रसूतिकक्षाच्या दारात नवऱ्याला थांबवले जाते, सोबतच्या बाईला बाहेर बसवले जाते. कळा देणाऱ्या स्त्रीजवळ तिच्या माणसाला राहू द्यावे, असे केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांना २०१६ सालीच कळवले आहे. ते किती दारांपर्यंत पोहोचले, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या रुग्णालयात जाऊन पाहावे.

रुग्णालयांचे ऋण मी नाकारत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली. २०१८-२० ह्या काळात राज्यात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात हेच प्रमाण ९७ होते. ह्या आकड्यांमागे वाचलेल्या आया आहेत. परंतु त्याच पाहणीत आणखीही काही नोंदले आहे. देशातील सरकारी रुग्णालयांत शंभरांतील सुमारे १४ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली, खासगी रुग्णालयांत ४७. अवघड बाळंतपणे खासगीतच जातात म्हणून असे होते, असे कोणी म्हणेल. पण गोरगरिबांची गुंतागुंतीची बाळंतपणे तर सरकारी रुग्णालयांच्याच दारी पोहोचतात. गर्भाशयाला सरकारी आणि खासगी हा भेद कळत नाही. तो वेळेला कळतो आणि पैशाला कळतो. नैसर्गिक प्रसूतीसाठी रात्रभर थांबावे लागते, शस्त्रक्रिया तासाभरात उरकते. शस्त्रक्रिया प्राण वाचवते, ह्यात शंका नाही. परंतु समाजातील तिचे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेले म्हणून माता-बालकांचे मृत्यू आणखी कमी होतात असे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले. ज्या परिचारिकेला हा सारा प्रकार रोज उघड्या डोळ्यांनी पाहावा लागतो, तिने एक दिवस राजीनामा दिला तर दोष नेमका कोणाचा?

तथापि दुसऱ्या टोकालाही माझा तितकाच विरोध आहे. ‘आमची आजी नऊ वेळा घरीच बाळंत झाली’ असे सांगणारे लोक वाचलेल्या आज्यांच्या आठवणी सांगतात. ज्या गेल्या त्या सांगायला उरल्या नाहीत. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार बाळंतपणांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या स्त्रियांना घर रुग्णालयाइतकेच सुरक्षित आढळले आणि शस्त्रक्रियाही कमी झाल्या. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र बाळाला गंभीर इजा वा मृत्यू होण्याचे प्रमाण रुग्णालयात हजारी ५.३, तर घरी ९.३ होते, आणि घरी सुरुवात केलेल्या शंभरांतील ४५ जणींना मध्येच रुग्णालयात हलवावे लागले. हे त्या देशात, जिथे सुईण प्रशिक्षित असते आणि तिच्यामागे साऱ्या आरोग्यव्यवस्थेचा आधार असतो. आपल्याकडे रक्तस्राव थांबत नाही म्हणून निघालेली गाडी चाकणच्या चौकात तासभर अडकली, किंवा कार्तिकी यात्रेच्या गर्दीत आळंदीबाहेर निघूच शकली नाही, तर काय होईल? ज्या सुईणीमागे रुग्णालय उभे नाही, ती कितीही प्रेमळ असो, ती त्या मातेचा जीव पणाला लावते. शहरातील सुखवस्तू कुटुंबांत घरच्या बाळंतपणाची जी हौस वाढते आहे, तिने हा हिशेब आधी मांडावा.

मग मार्ग कोणता? तो महाराष्ट्राने केव्हाच दाखवला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला गेले. वेल्लोरला शिकलेल्या ह्या डॉक्टरांनी अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर, खेडूत स्त्रियांना बाळंतपणाचे शास्त्र शिकवले. साधे बाळंतपण त्यांनी गावात करावे, धोका ओळखावा आणि वेळीच जामखेडच्या रुग्णालयात पाठवावे, अशी ती साखळी होती. ‘शेवटी’ खेड्यात गेले म्हणून त्यांना कोणी हिणवले असेल, तर १९७९ च्या मॅगसेसे पुरस्काराने त्याचे उत्तर दिले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग ह्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि डॉ. अभय बंग ह्यांनी १९८६ पासून तीच वाट धरली. त्यांच्या गावांतील प्रशिक्षित आरोग्यदूत आणि दाया ह्यांनी घरीच घेतलेल्या काळजीमुळे ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून तीच पद्धत आशा सेविकांच्या द्वारे देशभर स्वीकारली गेली. ह्या मंडळींनी वैद्यकशास्त्र सोडले नाही, ते घरापर्यंत नेले.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हे उमगायला वेळ लागला. धर्मभगिनींना प्रसूतिशास्त्राचे काम वर्ज्य होते. रावळपिंडीत पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे न गेल्याने मरताना पाहून डॉ. ॲना डेंगेल अस्वस्थ झाल्या. त्यांनी १९२५ साली मेडिकल मिशन सिस्टर्सची स्थापना केली, पाठपुरावा सोडला नाही, आणि अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने ते बंधन उठवले. सूतिकागृहात जाण्यासाठी ज्या भगिनींना रोमशी झगडावे लागले, त्यांच्याच वारसदारांनी ‘सुईण’ म्हटल्यावर नाक मुरडावे, हे शोभते काय?

आणि ही वाट आज बंदही नाही. हैदराबादच्या प्रसूतितज्ज्ञ डॉ. एविटा फर्नांडिस ह्यांनी २०११ पासून आपल्या रुग्णालयात व्यावसायिक सुइणी घडवायला आरंभ केला. २०१८ साली केंद्र सरकारने परिचारिकांसाठी अठरा महिन्यांच्या विशेष प्रशिक्षणाचे आणि रुग्णालयातच सुइणींच्या हाती चालणाऱ्या प्रसूतिकक्षांचे धोरण जाहीर केले. आपल्या कितीतरी मुलींच्या नोंदणीपत्रावर ‘परिचारिका आणि प्रसाविका’ अशी दोन्ही नावे असतात. त्यांतले दुसरे नाव रुग्णालयाच्या दारातच पुसले जाते.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. आपल्या मिशन रुग्णालयांनी साधी बाळंतपणे प्रशिक्षित प्रसाविकांच्या हाती द्यावीत, डॉक्टर शेजारच्या खोलीत असावेत आणि मातेजवळ तिचे माणूस असावे. धर्मग्रामातील निवृत्त व कार्यरत परिचारिकांनी, धर्म न विचारता, चाकण-आळंदीच्या खोल्यांतील गर्भवती आणि ओल्या बाळंतिणींच्या घरी जावे. पवित्र मरिया एलिझाबेथकडे गेली ती तासाभराची भेट उरकायला नव्हे, ती सुमारे तीन महिने राहिली. तिसरे मागणे सर्वांत सोपे आहे आणि म्हणूनच कदाचित सर्वांत जड जाईल. आपल्या प्रत्येक कॅथलिक रुग्णालयाने वर्षाला किती बाळंतपणे झाली आणि त्यांतील किती शस्त्रक्रियेने, हा आकडा ह्याच त्रैमासिकात छापावा. तो छापण्याची आपली तयारी नसेल, तर त्या परिचारिकेने नोकरी का सोडली हे विचारण्याचा अधिकारही आपल्याला नाही.