न्यायाचा वाटखर्च कोणी द्यायचा?

डोणगाव हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. येथून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर आधी मेहकर, मग चिखली आणि मग बुलढाणा, असा सुमारे ८० किलोमीटरांचा प्रवास आहे. स्त्रियांना एस.टी.चे तिकीट मार्च २०२३ पासून अर्धे झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जिचे पोट रोजंदारीवर आहे तिला तिकिटापेक्षा बुडालेला रोज महाग पडतो.

आता अशी कल्पना करा, की या गावातील किंवा आसपासच्या एखाद्या तांड्यावरील शेतमजूर स्त्रीवर बलात्कार झाला आहे. धीर एकवटून ती तक्रार करते. त्यानंतर तिला किती वेळा घराबाहेर पडावे लागेल याची मोजदाद आपण क्वचितच करतो. प्रथम पोलीस ठाणे, मग वैद्यकीय तपासणीसाठी रुग्णालय, मग दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब, मग औषधोपचारासाठी पुन्हा रुग्णालय, मग अर्थसाहाय्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आणि अखेरीस न्यायालयाच्या तारखांमागून तारखा. दर खेपेला एक रोज बुडणार, सोबत आलेल्या आईचा वा बहिणीचा दुसरा रोज बुडणार, आणि घरी परतल्यावर ‘कुठे गेली होतीस?’ या शेजारच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागणार. आरोपी गावातलाच, बहुधा चार एकर जास्त असलेला. तो थांबू शकतो. तिला थांबणे परवडत नाही. खटले साक्षीपुराव्याअभावी कोसळतात असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातले पुष्कळसे अशा रीतीने वाटेतच थकून कोसळलेले असतात.

अत्याचारग्रस्त स्त्रीला आधार देणाऱ्या सेवांवर सरकारने पैसा खर्च करावा की नाही, आणि करावा तर कशा स्वरूपात, या प्रश्नाचा विचार या रस्त्यावर उभे राहून केला पाहिजे, असे आम्हांस वाटते. मुंबईच्या वा दिल्लीच्या सभागृहांतून तो नीट दिसत नाही.

विदर्भाला या प्रश्नाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिचे नाव पुढे साऱ्या देशाला माहीत झाले. आम्ही ते येथे मुद्दाम लिहीत नाही. तिची वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री. सत्र न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तर्क त्या निकालात होता. १९७९ साली उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराची स्वतंत्र व्याख्या झाली, तेथे संमती नव्हती हे गृहीत धरण्याची तरतूद आली आणि पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरला.

हा विजय मोठा होता. परंतु तो कायद्याच्या पुस्तकातला होता. त्या मुलीच्या शेजारी त्या रात्री कोण बसले, तिला दवाखान्यात कोणी नेले, तिच्या मजुरीचे काय झाले, निकालानंतर ती कशी जगली, हे प्रश्न कोणत्याही कलमात नव्हते. पुढची तीस वर्षेही ते बाहेरच राहिले.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर चित्र काही अंशी पालटले हे मान्य केले पाहिजे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, अन्यथा ते शिक्षेस पात्र ठरेल, असा कायदा २०१३ मध्ये झाला आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही तो कायम आहे. वैद्यकीय तपासणीतील अमानुष प्रकार थांबावेत म्हणून विदर्भातच मोठे काम झाले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दुरवस्थेचा अहवाल मांडला, डॉ. रंजना पारधी व इतरांनी नागपूर खंडपीठापुढे याचिका दाखल केली, आणि २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. केंद्राने २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर केला आणि त्यातून १ एप्रिल २०१५ पासून वैद्यकीय मदत, पोलीस मदत, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एका छपराखाली देणारी ‘सखी’ केंद्रे सुरू झाली.

एवढे असूनही डोणगावच्या त्या स्त्रीची वाट मोकळी का होत नाही? आमच्या मते याचे कारण असे, की शासनाने या कामासाठी योजना दिल्या, निधी दिले, नुकसानभरपाई दिली. पण हे आपले नित्याचे कर्तव्य आहे असे कधी मानले नाही. न्यायाधीशाचा पगार हा ‘निधी’तून होत नाही. पोलीस शिपायाची नेमणूक ‘योजना सुरू असेपर्यंत’ अशा अटीवर होत नाही. पीडितेच्या शेजारी बसणारी समुपदेशक मात्र कंत्राटी असते, तिचे मानधन अनुदान आले की निघते, आणि अनुदान केव्हा यायचे ते दिल्लीच्या आणि मुंबईच्या फायली ठरवतात.

निर्भया निधीचाच इतिहास पाहावा. पहिल्या काही वर्षांत त्यातील फार थोडी रक्कम खर्च झाली. पुढे खर्च वाढला तो बराचसा शहरांतील कॅमेऱ्यांवर, नियंत्रण कक्षांवर आणि वाहनांवर. या निधीतून मुंबई पोलिसांसाठी घेतलेली काही वाहने सत्ताधारी पक्षाच्या लोकप्रतिनिधींच्या बंदोबस्तासाठी वापरली जात असल्याचे वृत्त डिसेंबर २०२२ मध्ये आले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. आम्हांला त्यात आश्चर्य वाटले नाही. जो पैसा कोणाच्याही हक्काचा नसतो तो बळकटाच्या दारी जाऊन उभा राहतो.

मनोधैर्य योजनेची कथाही बोधप्रद आहे. प्रारंभी तीत कमाल तीन लाखांची मर्यादा होती. शेजारच्या गोव्यात दहा लाखांपर्यंत मदत मिळत असताना महाराष्ट्राची वागणूक दान दिल्यासारखी का, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शासनाला खडसावले. त्यानंतर मर्यादा दहा लाखांवर गेली आणि निर्णयाचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. ही सुधारणा आम्ही मोलाची मानतो. परंतु अर्थसाहाय्य आणि आधारसेवा या दोन भिन्न गोष्टी आहेत. मंजूर रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो. तो भविष्यासाठी आवश्यकही आहे. पण उद्या सकाळी बुलढाण्याला जायचे आहे, त्याचे काय? रात्री झोप लागत नाही, त्याचे काय? नवरा घरात घ्यायला तयार नाही, त्याचे काय? बँकेतली पावती यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नाही. शिवाय हे साहाय्य गुन्हा नोंदल्यावरच मिळू लागते. जिला तक्रार करण्याआधीच धीराची गरज आहे तिच्यासाठी माणूसच लागते, धनादेश नव्हे.

अशी व्यवस्था आपल्याकडे होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातीलच उदाहरणे दाखवता येतील. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथील कार्यकर्त्या पोलिसांच्या हुकमतीखाली नव्हत्या, पण पोलिसांच्या शेजारी बसत होत्या. अनुभव चांगला आला, आणि २००५ मध्ये राज्य शासनाने हे काम आपले म्हणून स्वीकारले. मुंबई महापालिकेच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ या संस्थेच्या सहकार्याने ‘दिलासा’ केंद्र उघडले. परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकवून तयार करण्यात आले. केसपेपर काढायला आलेल्या बाईच्या जखमेमागची हकीकत तेथे विचारली जाऊ लागली. पुढे हे केंद्र पालिकेच्या अनेक रुग्णालयांत पोहोचले. स्वयंसेवी संस्थेने वाट पाडावी आणि सार्वजनिक संस्थेने ती पक्की करावी, असा हा रास्त क्रम आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, कारण तेव्हाचे सरकार आणि तेव्हाचा समाज दोघेही पाठ फिरवून उभे होते. स्वतंत्र भारतात दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तेच ओझे दोन-चार ध्येयवादी माणसांच्या घरावर टाकावयाचे असेल, तर मधल्या काळात आपण राज्य कमावले ते कशासाठी?

वाटखर्चाच्या बाबतीत तर नवा शोध लावण्याचीही गरज नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनी पीडित, तिचे अवलंबित आणि साक्षीदार यांना तपासासाठी व सुनावणीसाठी येण्याजाण्याचे भाडे आणि किमान शेतमजुरीपेक्षा कमी नसलेला दैनिक भत्ता, तोही तीन दिवसांच्या आत, देण्याचे बंधन घातले आहे. बुडालेला रोज हा न्यायाच्या खर्चाचा भाग आहे, हे तत्त्व त्या नियमांनी मान्य केले. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत मुलाच्या सोबत राहणाऱ्या सहायक व्यक्तीला कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी मोबदला देऊ नये, असे २०२० चे नियम सांगतात. मग हे तत्त्व सर्व पीडित स्त्रियांना आणि त्यांच्यासोबत उभ्या राहणाऱ्या सर्व कार्यकर्त्यांना का लागू होऊ नये? आणि ज्यांना ते आज कागदावर लागू आहे, त्यांच्या हाती ते भाडे वेळेवर पडते की नाही, हे जिल्हास्तरीय समित्यांनी बैठकीगणिक का तपासू नये?

पैसा नाही, हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. विदर्भात शेतकरी आत्महत्या करीत असताना, आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसताना, ही नवी मागणी कशाला, असेही विचारले जाते. या प्रश्नामागची तळमळ खरी असेल तर तिचा आदर केला पाहिजे. परंतु २०२४ साली राज्यातील स्त्रियांना दरमहा दीड हजार रुपये देण्याची योजना ज्या शासनाने काही आठवड्यांत उभी केली, त्याला प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात दोन प्रशिक्षित समुपदेशक नेमणे झेपत नाही, हे पटण्यासारखे नाही. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. त्यांसाठी लागणाऱ्या पगारांची बेरीज एखाद्या पुलाच्या वाढीव खर्चात सहज मावेल.

स्वस्त पर्याय म्हणून कठोर शिक्षेची घोषणा नेहमीच हाताशी असते. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी डोणगावहून न्यायालयापर्यंत ती स्त्री पोहोचलीच नाही, तर फाशी कोणाला व्हायची?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्याच बाजूच्या मित्रांकडून येतो. सरकारी पैसा आला की सरकारी वृत्ती येते. समुपदेशक तडजोडी घडवू लागते. संस्था अनुदानासाठी मिंधी होऊन पोलिसांविरुद्ध बोलेनाशी होते. ही भीती निराधार नाही. देसाईगंजचा गुन्हा पोलीस ठाण्यातच घडला होता, हे विसरून चालणार नाही. म्हणून पैसा सार्वजनिक असावा, पण देखरेख केवळ खात्याची असू नये. ग्रामसभेतील स्त्रिया, आशा व अंगणवाडी कार्यकर्त्या, वकील आणि स्त्रीसंघटना यांची तालुकावार समिती असावी. पीडितेची ओळख गुप्त राखून सेवेचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. आणि हा खर्च दंडाच्या वा देणगीच्या भरवशावर ठेवू नये. अमेरिकेत १९८४ पासून गुन्हेगारांच्या दंडातून पीडितांसाठी निधी उभा केला जातो. दंडाची वसुली घटली तेव्हा तेथील आधारकेंद्रांवर कपातीची पाळी आली आणि २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. नित्याच्या कर्तव्याला नित्याचीच तरतूद हवी.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. पीडितांच्या आधारसेवेसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र व कायम लेखाशीर्ष असावे. जिल्ह्याला एकच केंद्र पुरेसे मानू नये; ते तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत यावे, आणि गुन्हा नोंदवण्याची अट त्याच्या दारावर असू नये. तेथील कार्यकर्त्यांना कायम नेमणूक व पुरते वेतन मिळावे. आणि १९९५ च्या नियमांप्रमाणे वाटखर्च व बुडीत मजुरी प्रत्येक पीडित स्त्रीला, तिच्या सोबतिणीला आणि साक्षीदारांना त्याच दिवशी हातात मिळावी.

यांत दयेचा प्रश्न कोठेच नाही. न्यायालय सरकारचे आहे, रुग्णालय सरकारचे आहे, तारीख सरकार पक्षाच्या खटल्याची आहे. त्या तारखेला हजर राहण्यासाठी शेतमजूर बाईने आपला रोज का मोडावा? येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मेहकरच्या, चिखलीच्या आणि साऱ्या बुलढाणा जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी हा एकच प्रश्न सभागृहात विचारावा. तो त्यांना विचारायला लावणे हे मात्र मतदारांचे, म्हणजे तुमचे-आमचे काम आहे.