विल्क्सबरोच्या चाहत्यांना विचारा

नॉर्थ विल्क्सबरोला शर्यत पाहून आलेला चाहता विजेत्याच्या आधी तिथल्या उताराबद्दल बोलतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डोंगराळ भागात १९४७ साली हा मोटार शर्यतींचा ट्रॅक सुरू झाला. एक फेरी जेमतेम एक किलोमीटरची. मुख्य स्टँडसमोर गाड्या उतारावरून सुसाट सुटतात, पलीकडच्या बाजूला त्यांना चढ लागतो आणि वीसेक सेकंदांत सगळा ताफा पुन्हा डोळ्यांसमोर हजर होतो. बांधकामात पैसे कमी पडले म्हणून जमीन सपाट करायची राहून गेली, असं तिथे सांगतात.

रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कारची शर्यत टीव्हीवर अर्धीच कळते. व्ही-८ इंजिनांची गर्जना कानांआधी छातीत जाणवते. झिजलेल्या टायरचे काळे कण खालच्या रांगांतल्या प्रेक्षकांच्या अंगावर येतात. चाहते कानांवर हेडफोन चढवून, हातातल्या स्कॅनरवर ड्रायव्हर आणि त्याच्या चमूचं बोलणं थेट ऐकतात. आवडता ड्रायव्हर चिडला, की त्यांना ते समालोचकाआधी समजतं.

या खेळाचं रक्तच या डोंगराळ भागातलं आहे. चोरटी दारू पोहोचवणारी पोरं साध्या दिसणाऱ्या मोटारींची इंजिनं तयार करून रात्री डोंगरातल्या रस्त्यांवर पोलिसांना हुलकावणी देत. याच विल्क्स परगण्यातला ज्युनियर जॉन्सन त्यांतलाच. दारूच्या गुन्ह्यात तो तुरुंगात गेला, तरी त्याने स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संघटनेच्या सर्वोच्च मालिकेत एकूण ५० शर्यती जिंकल्या आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. त्या मालिकेच्या १९४९ च्या पहिल्या हंगामाची अखेरची शर्यतही नॉर्थ विल्क्सबरोलाच झाली होती.

मग हिशेब आडवा आला. ट्रॅक उभारणारे ईनॉक स्टेली १९९५ मध्ये वारले, मालकी दोन बड्या उद्योजकांमध्ये अर्धी-अर्धी विभागली गेली आणि वर्षाच्या दोन शर्यतींपैकी एक टेक्सासला, दुसरी न्यू हॅम्पशायरला गेली. २९ सप्टेंबर १९९६ रोजी जेफ गॉर्डनने शेवटची शर्यत जिंकली. त्यानंतर २०१०-११ मधल्या काही छोट्या शर्यती सोडल्या, तर स्टँड गंजत राहिले आणि डांबराच्या भेगांतून गवत वाढलं.

तारखा हलवणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे. मोठ्या शहराजवळ हॉटेलं असतात, जास्त खुर्च्या मावतात, प्रायोजक सहज येतात. पण त्यांच्या ताळेबंदात एक रकाना नव्हता. आजोबांनी ज्या स्टँडमध्ये बसून शर्यत पाहिली तिथेच नातवाला घेऊन यायचं, ही ओढ टेक्सासच्या नव्या कोऱ्या स्टेडियमला शर्यतीच्या तारखेबरोबर विकत मिळणार नव्हती.

त्या ओढीची ताकद पुढे दिसली. डिसेंबर २०१९ मध्ये नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि इतर काही जणांनी ट्रॅकवरची झुडपं उपटली. व्हिडिओगेमसाठी त्याचं लेझर मोजमाप घ्यायचं होतं; निदान पडद्यावर तरी तो राहावा, एवढीच इच्छा. २०२१ मध्ये राज्याने १.८ कोटी डॉलर मंजूर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये डेल ज्युनियर तिथे स्वतः गाडी घेऊन उतरला, तेव्हा स्टँड खचाखच भरले. २१ मे २०२३ रोजी नॅसकारची ऑल-स्टार शर्यत झाली, काइल लार्सनने जिंकलेली. त्या वेळी डांबर मात्र १९८१चंच होतं, आणि जुन्या पाट्यांचा फिकट रंगही मुद्दाम राखलेला होता. आठवणी जपून व्यवसाय होतो, हे इथे दिसलं.

म्हणूनच वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी आता जुन्या ट्रॅककडे वळलं पाहिजे. २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर शर्यत भरवली, ते चांगलंच केलं. नवा प्रेक्षक हवाच. मात्र नव्या शहरासाठी जुन्या गावाची तारीख काढून घेणं थांबायला हवं. नॉर्थ कॅरोलायनातल्याच रॉकिंगहॅमच्या जुन्या ट्रॅकवर २०२५ मध्ये नॅसकारच्या दुय्यम मालिका परतल्या, हे योग्य पाऊल आहे. नॅशव्हिलच्या फेअरग्राउंड्स ट्रॅकवर सर्वोच्च मालिकेची शेवटची शर्यत १९८४ मध्ये झाली. तो अजून उभा आहे, तिथे स्थानिक शर्यती होतात, आणि आवाजाबद्दलच्या शेजाऱ्यांच्या तक्रारींवर तोडगा काढून नॅसकारने पुढचा नंबर त्याचा लावावा.